अठरावं दार

"सतरा आहेत," मॅनेजरने खोकं जिन्याखालच्या फळीवर आदळलं. "सगळी एकाच मापाची. सोमवारी सकाळी हात घाला, संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल."

किल्लीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खोक्यात डोकावून पाहिलं. नवी कोरी कुलपं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेली. स्वस्तातला माल होता. पण त्यांच्या मनात आलेली शंका वेगळीच होती.

"बिल्डिंगमध्ये दारं अठरा आहेत."

"तुमचं सोडून धरलंय," मॅनेजर गोड हसला. "साहेबांनी मुद्दाम सांगितलं. काकांच्या दाराला हात लावायचा नाही. तुम्हाला नवा करार नको, सही नको, काही नको. जिन्याखालचं दुकान चालवा, वर राहा. जन्मभर."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांनी सही केली की नवी किल्ली. इतकं सोपं आहे. लोक उगाच राईचा पर्वत करतात."

लोक हे उगाच करत नव्हते. ज्या साहेबांना बिल्डिंगमधल्या एकाही माणसाने अजून डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, त्यांनी सहा महिन्यांपूर्वी ही बिल्डिंग विकत घेतली होती. नव्या करारात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की मालकाने सांगितल्यापासून महिन्याभरात जागा सोडावी लागेल. वीस-वीस, तीस-तीस वर्षं राहणारी माणसं असल्या कागदावर सही कशाला करतील? म्हणून साहेबांनी ही कुलपांची युक्ती काढली होती. माणूस कामावर गेला की कुलूप बदलायचं. संध्याकाळी तो दारात उभा राहिला की एका हाताने कागद पुढे करायचा आणि दुसऱ्या हाताने किल्ली दाखवायची.

किल्लीकाका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "ठेवा तिथे," म्हणाले. मॅनेजरने त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या मनातही तोच होता.

आता हे काम त्यांनी तिथल्या तिथे झिडकारून का लावलं नाही, हे कळायला त्यांच्या दाराचं कुलूप पाहायला हवं. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोरचं दार. कुलूप बरंच जुनं, किल्लीच्या भोकाभोवतीचं पितळ घासून पांढुरकं झालेलं. असं कुलूप घेऊन दुसरं कुणी दुकानात आलं असतं तर काका म्हणाले असते, "आता याचा नाद सोडा, नवीन बसवा." स्वतःच्या कुलपाला मात्र ते जिवापाड जपायचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शिसपेन्सिल घेऊन तिचं टोक ब्लेडने तासायचे, त्याची काळी भुकटी भोकात फुंकायचे आणि किल्ली दहा वेळा फिरवायचे. तेल घातलं की कुलपात धूळ धरते. पेन्सिलीने कुलूप लोण्यासारखं चालतं. हे त्यांनी आपल्या उस्तादाकडून शिकून घेतलं होतं.

उस्तादाने आणखी एक शिकवलं होतं. दार कुणाचं ते विचारायचं नाही. बोलावतो कोण, एवढं बघायचं, काम करायचं आणि निघायचं.

अकरा वर्षांपूर्वी असंच एका घरमालकाच्या माणसाने त्यांना पलीकडच्या गल्लीत नेलं होतं. बंद दार होतं. काकांनी पाच मिनिटांत उघडून दिलं, नवं कुलूप बसवलं, हत्यारं पिशवीत भरली आणि घरी आले. नातेवाइकाकडे दोन दिवस गेलेलं कुटुंब संध्याकाळी परत आलं, ते फुटपाथवर आलं. ते घर काकांच्या मुलीच्या मैत्रिणीचं होतं. मुलगी नऊ वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून ती रोज दुपारी त्या घरी जेवत होती. काका दिवसभर दुकानात. मैत्रिणीची आई त्यांना चांगली माहीत होती, तिचा डबा माहीत होता, सणासुदीला तिने मुलीला शिवलेले फ्रॉक माहीत होते. तिचं दार तेवढं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही उघडलंत?" मुलीने विचारलं होतं.

"मला काय माहीत कुणाचं ते."

"विचारलं का नाहीत?"

"आमच्या धंद्यात विचारत नाहीत, बाळा."

त्यानंतर पाच-सहा महिने दोघं एका घरात राहिले, पण बोलणं म्हणजे "भात ठेवलाय" आणि "दिवा घालव" एवढंच. परीक्षा संपली आणि मुलगी एक बॅग घेऊन निघून गेली. चिठ्ठी नाही. काकांनी आधी टेबल पाहिलं, मग दारामागचा खिळा, मग पायपुसणं उचलून पाहिलं. तिची किल्ली कुठेच नव्हती. तेव्हा त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. घर कायमचं सोडणारा माणूस किल्ली ठेवून जातो. किल्ली बरोबर नेणारा परत येतो.

या हिशेबावर ते अकरा वर्षं राहिले. मुलीचं दुसऱ्या शहरात लग्न झालं, तिला मूल झालं, हे तिच्या मावशीकडून कळलं. मावशीने नंबरही दिला होता. तो काकांनी दुकानाच्या ड्रॉवरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला होता आणि एकदाही लावला नव्हता. स्वतःहून फोन करणं म्हणजे तिला घाई केल्यासारखं झालं असतं. ती येईल तेव्हा येईल, मी दुकानात असेन नाही तर बाजारात, पण तिने किल्ली लावली की दार उघडायला हवं, एवढीच त्यांची खटपट होती. बाकी आयुष्यात त्यांनी फार काही मागितलं नव्हतं.

म्हणून मॅनेजरचं खोकं फळीवर राहिलं.

बिल्डिंगला ही बातमी लागायला अर्धा तास पुरला. जिन्याने जाता-येता "काय काका, जेवलात का?" म्हणणारी माणसं खोक्याकडे बघायची आणि मूग गिळून वर जायची. काकांच्या दुकानासमोरून सतरा घरांची पावलं दोन दिवस अशी गुपचूप गेली. तसंही त्यांच्याशी बोलणारं घरात कोणी नव्हतं. आता जिन्यातही कोणी उरलं नाही.

शनिवारी सकाळी दोघीजणी खाली उतरल्या. पहिल्या मजल्यावरची नर्सताई आणि तिसऱ्या मजल्यावरची लाँड्रीवाली. भाडेकरू समितीच्या याच दोघी. बाकीचे सह्या करण्यापुरते आणि मीटिंगला चहा पिण्यापुरते. नर्सताईच्या हातात वही होती. लाँड्रीवालीचे हात कोपरापर्यंत लाल होते. हॉस्पिटलच्या चादरी उकळत्या पाण्यातून काढायचं तिचं काम होतं, आणि हातमोजे मिळावेत, रोजंदारी जाऊन नोकरी पक्की व्हावी, म्हणून सोमवारपासून लाँड्रीतल्या बायका तिथल्याच गेटवर धरणं धरून बसणार होत्या.

"हे खोकं कुणाचं, काका?" लाँड्रीवालीने सरळ विचारलं.

"मालकाचं."

"आणि कुलपं कुणाच्या दारांना?"

काका कानशीने एक किल्ली घासत होते. मान वर न करता म्हणाले, "मला काय माहीत. दाखवतील ते दार."

"ऐकलंस?" लाँड्रीवाली नर्सताईकडे वळली. "मी म्हटलं नव्हतं? काकांना माहीतच नाही." मग तिने दुकानापुढचं स्टूल ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसली. "मग मी सांगते. तिसरा मजला, डावीकडचं पहिलं. ते माझं. मी आणि माझी भाची. पोरीला दमा आहे, पंप फ्रीजवर ठेवलेला असतो. चार वाजता शाळेतून येते. किल्ली फिरली नाही तर पायरीवर बसेल बिचारी, मी येईपर्यंत."

काकांची कानस चालत राहिली.

"तिच्या शेजारचं," नर्सताईने वही उघडली, "पोस्टातून रिटायर झाले ना, त्यांचं. दोघंही ऐंशीच्या घरात. दर बुधवारी हॉस्पिटलात जातात, दिवसभर घर बंद. त्याच्या पुढचं, शिंप्याचं. मशिन घरातच आहे. कुलूप बदललं की धंदा बंद."

"वाचू नकोस, सांग," लाँड्रीवाली म्हणाली. "वाचलं की बातमी वाटते."

नर्सताईने वही मिटली. पण ती सगळी दारं तिला पाठ होती. कुणाचा मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपतो, कुणाच्या सुनेला सातवा महिना आहे, कुणी नुकतीच नवी गादी घेतली आणि ती जिन्यातून चढवताना सगळ्या बिल्डिंगने हात लावला. आठव्या-नवव्या दाराशी कानस थांबली. दोघींनी ते पाहिलं, पण थांबल्या नाहीत. सतरावं झाल्यावरच लाँड्रीवाली उठली.

"एवढंच सांगायचं होतं. आम्ही तुमच्या हातापाया पडायला आलो नाही. कुलपं लावायची तर लावा. फक्त नंतर माहीत नव्हतं म्हणू नका."

या बाईला अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती या बिल्डिंगमध्ये येऊन चारच वर्षं झाली होती. पण काकांना कुणीतरी जुन्या जखमेवर नेमकं बोट ठेवावं तसं झालं. त्या दुपारी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. वर गेले. दारासमोर उभं राहून किल्ली लावली, फिरवली, काढली, पुन्हा लावली. कुलूप कसं अगदी हवं तसं चाललं. मग ते खाली आले, खोकं खांद्यावर घेतलं आणि चार गल्ल्या ओलांडून मॅनेजरच्या ऑफिसात गेले.

"माझ्याच्यानं व्हायचं नाही," त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं.

मॅनेजरचा गोडवा जागच्या जागी नासला. "काका, दुसरा माणूस मला एका फोनवर मिळतो. मग तुमचं दारसुद्धा यादीत येईल, हे लक्षात आहे ना?"

"आहे. अठरा आणा."

परत येऊन ते पहिल्यांदाच नर्सताईच्या दाराशी गेले. चपला काढाव्यात की नाही, या घोळात उंबऱ्यावरच उभे राहिले आणि तिथूनच बोलले. "कुलूप रिकाम्या घराचंच बदलतात. आत माणूस असला, दार सताड उघडं असलं, तर बदलून उपयोग काय? माणसाला बाहेर काढायला कोर्टाचा कागद लागतो, तो त्यांच्याकडे नाही. सोमवारी एकही घर रिकामं ठेवू नका. नुसतं दार उघडं टाकून जाऊ नका, माणूस आत बसलेला पाहिजे."

"हे तुम्हाला कसं..."

"असलीच कामं केलीत मी," काका म्हणाले. "रिकामं घर बघूनच बोलवायचे."

रविवारी संध्याकाळी जिन्यात मीटिंग झाली. पायऱ्यांवर सगळे बसले. काकाही सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले आणि कुणीतरी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. नर्सताईने प्रत्येक दारासमोर एक माणूस लिहायला घेतला. कुणी रजा टाकणार होतं, कुणाचा भाऊ येणार होता, कुणाची आई. शिंपी म्हणाला, "माझ्याकडे मीच बसणार, मला हाकलून लावलं तरी मी जायचा नाही." सगळे हसले. पण लाँड्रीवालीच्या नावापुढची जागा रिकामी राहिली. ती सकाळपासून गेटवर असणार होती. पहिल्याच दिवशी तिने गेट सोडलं असतं तर बाकीच्या बायका डगमगल्या असत्या.

"भाची बसेल," ती म्हणाली. "शाळा बुडेल एक दिवस."

"पोरीला कशाला घाबरवायचं?" काका म्हणाले. "मी बसतो."

"आणि तुमच्या घरात?"

या प्रश्नावर सगळ्यांना एकदमच लक्षात आलं, की काकांच्या घरात बसायला काकांशिवाय कुणीच नाही. बाकीच्या प्रत्येक घराला कुणी ना कुणी होतं.

"माझ्या कुलपाला हात घालणं येरागबाळ्याचं काम नाही," काका हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले. "बाहेरचा माणूस तासभर झटेल आणि कंटाळून जाईल. माझी काळजी करू नका."

त्यांचा त्यावर खरोखरच विश्वास होता.

सोमवारी नऊ वाजता ते लाँड्रीवालीच्या घरी जाऊन बसले. दुसऱ्याच्या घरात एकटं बसणं हा त्यांना नवाच अनुभव होता. आजवर ते शेकडो घरांच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते, आत कुठेच नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर. दोरीवर भाचीचा गणवेश, फ्रीजवर दम्याचा पंप, भिंतीवर शाळेचं वेळापत्रक. ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट होतं आणि त्यावर चिठ्ठी, "काका, खाऊन घ्या. लाजू नका." ती चिठ्ठी त्यांनी तीनदा वाचली. किती वर्षांत त्यांच्यासाठी कुणी ताट झाकून ठेवलं नव्हतं, हे आठवायला गेले आणि आकडा आल्यावर आठवणं सोडून दिलं.

साडेदहाला माणसं आली. मॅनेजर, दोन दांडगे आणि हत्यारांची पिशवी घेतलेला एक जण. काकांना ते दिसत नव्हते, पण दार उघडं असल्यामुळे जिन्यातलं सगळं ऐकू येत होतं. पहिल्या मजल्यावर आवाज चढले. "कुठे जायचंय? कुणाला भेटायचंय?" हा नर्सताईचा. शिंप्याने मशिन सुरू केलं आणि मुद्दाम चालूच ठेवलं. पावलं तिसऱ्या मजल्यावर चढली. दांडग्यांपैकी एक जण लाँड्रीवालीच्या दारात येऊन उभा राहिला, आत काकांना पाहून त्याने नाक मुरडलं आणि जिन्याच्या कठड्याला टेकून बिडी शिलगावली. तो तिथून हलेना. काका उठतात का, याच्यावर त्याची नजर होती.

मग पावलं एक मजला खाली गेली आणि जिन्यासमोर थांबली.

ड्रिलचा आवाज आला तेव्हा काकांनी आधी मनाशी म्हटलं, करू दे, वरच्या बाजूने घातलं असेल, तिथे पोलादाची पट्टी आहे, टोक मोडेल. पण टोक मोडलं नाही. आवाज बदलला, जाड झाला. पितळात शिरल्याचा आवाज होता तो. भोकाच्या खाली, डावीकडे, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर. त्या जातीच्या कुलपाचं वर्म तेवढंच होतं आणि ते काकांनी आयुष्यात एका माणसाला दाखवलं होतं.

ते खुर्चीवरून अर्धे उठले. दांडग्याने बिडी विझवली आणि दारासमोर सरकला.

एकच मजला. धावत गेले असते तर अजून वेळ होता. दारात आडवं उभं राहता आलं असतं, त्या माणसाचा हात धरता आला असता. मुलीचं कुलूप होतं ते. अकरा वर्षं त्यात पेन्सिल फुंकली होती. समोर दोरीवर तो गणवेश होता आणि फ्रीजवर पंप. चार वाजता पोरगी येणार होती.

काका खाली बसले. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. खालचा आवाज आणखी सहा-सात मिनिटं चालला, मग थांबला. मग हातोडीचे दोन ठोके. मग नव्या कुलपाचा खट्, पातळ पत्र्याचा. एवढ्या लांबूनही त्यांना कळलं की माल हलका आहे.

दारातला दांडगा निघून गेला. दुपारी बारापर्यंत सगळेच गेले. सतरा दारं होती तशी होती.

अवजारांची पिशवी घेतलेला माणूस मात्र गेला नव्हता. तो लाँड्रीवालीच्या दारासमोर जिन्यात उभा होता. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, तरी काकांनी ओळखला. वीस वर्षांपूर्वी तीन वर्षं याच जिन्याखाली तो त्यांच्या हाताखाली शिकला होता.

"काका," तो वर बघत म्हणाला. त्याच्या हाताला काळं लागलं होतं. "शपथेवर सांगतो, तुमचं दार आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही तेव्हा दुकानामागेच राहायचात. आज त्यांनी मजला सांगितला, दार दाखवलं. नळकांडं बाहेर काढलं, हाताला पेन्सिलीची भुकटी लागली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. असं कुलूप जपणारा दुसरा कोण आहे या शहरात?"

"विचारलं नाहीस?"

"विचारायचं नाही," तो खाली बघत म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

काका उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी हात पुढे केला. त्याने कुलपातलं पितळी नळकांडं त्यांच्या हातावर ठेवलं, अंगठ्याएवढं, मधोमध भोक पडलेलं. मग तो निघाला. दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आला, वाकून काकांच्या पायांना हात लावला आणि काही न बोलता गेला.

काका चार वाजेपर्यंत वरच बसले. भाची आली, तिने दप्तर टाकलं, "तुम्ही जेवला नाहीत?" म्हणून त्यांना दरडावलं आणि झाकलेलं ताट पुढ्यात सरकवलं. ते जेवले.

संध्याकाळी वकीलबाई आल्या. समितीने बोलावल्या होत्या. त्यांनी काकांच्या दारावरच्या नव्या कुलपाचे फोटो काढले, तक्रार लिहून घेतली आणि बजावून सांगितलं, "आता काहीही झालं तरी याला हात लावायचा नाही. तुम्ही स्वतः उघडलंत तर तेच उद्या तुमच्यावर उलटतील. ऑर्डर येऊ द्या. पंधरा दिवस लागतील, महिना लागेल. हे प्रकरण आता सगळ्या बिल्डिंगच्या उपयोगाचं आहे. कळतंय ना?"

"कळतंय," काका म्हणाले.

कुणी खुर्ची आणून दिली, कुणी चादर. नर्सताई म्हणाली माझ्याकडे झोपा, शिंपी म्हणाला माझ्याकडे. काका म्हणाले येतो, जरा बसतो इथेच. माणसं आपापल्या घरी गेली. सतरा दारांमधून भांड्यांचे, पोरांचे आवाज येऊ लागले. काका खाली दुकानात गेले, ड्रॉवर उपडा केला, नंबर वाचला आणि पुन्हा वर येऊन आपल्या बंद दारासमोरच्या खुर्चीत बसून फोन लावला.

"हॅलो?"

"मी बोलतोय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मागे लहान मूल हट्ट करत होतं.

"बाबा?"

काकांनी घसा खाकरला. हे वाक्य ते दुपारपासून जुळवत होते. "एक सांगायचं होतं. घराचं कुलूप बदललंय आज. तुझी किल्ली आता लागायची नाही. म्हटलं, सांगून ठेवावं. उगाच कधी खेप पडायला नको."

"कुठली किल्ली?"

"आपल्या घराची. तू नेली होतीस ना, ती."

"मी?" ती खरंच आठवत होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. "हो... असेल बाबा. ती तेव्हाच कुठेतरी गेली. पहिल्या वर्षी किती खोल्या बदलल्या मी. त्यातच कुठे पडली असेल."

"बरं, बरं."

"तुम्ही इतकी वर्षं तेच कुलूप..."

"छे छे. जुनं झालं होतं."

मूल रडायला लागलं. ती त्याला काहीतरी म्हणाली, मग पुन्हा फोनवर आली. "तुम्हीच बदललंत?"

"नाही," काका म्हणाले. "मी नाही."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळी बिल्डिंग आहे ना माझ्याजवळ."

"मी करते फोन. आत्ता याला भरवायचंय."

"कर. सावकाश कर."

फोन ठेवून ते बसले होते तेवढ्यात लाँड्रीवाली गेटवरून आली. दिवसभर घोषणा देऊन तिचा आवाज बसला होता. तिने बंद दार पाहिलं, खुर्ची पाहिली, काकांच्या पायाशी असलेली हत्यारांची पिशवी पाहिली.

"काका," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हे तुमच्या दोन मिनिटांचं काम आहे. उघडा. आत जाऊन पाठ टेका. कोण बघतंय?"

"एक मिनिटाचं," काका म्हणाले. "पत्रा आहे नुसता."

"मग?"

"वकीलबाईंनी सांगितलंय, हात लावायचा नाही. आणि आता घाई कसली? त्या दाराला किल्ली लावणारं कुणी नाही."

ती काही वेळ त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. तिने कशाचे आभार मानले नाहीत आणि त्यांनाही तेच बरं वाटलं. मग वरून भाचीने हाक मारली. "काका, या लवकर, भात गरम आहे," असं म्हणून ती उठली आणि लाल हाताने कठडा धरत वर गेली.

काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातली घराची किल्ली वेगळी केली, सवयीने चार बोटांत फिरवून पाहिली. ठेवायला टेबल आत होतं, दारामागचा खिळा आत होता, पायपुसणंही मॅनेजरच्या माणसांनी आत ढकललं होतं. कुठेच ठेवता येईना, तेव्हा त्यांनी ती पुन्हा जुडग्यात ओवली आणि भात निवायच्या आत तिसऱ्या मजल्यावर जायला उठले.